तिसरी हाक

कंट्रोलर काकांना त्या गायिकेचं एकही गाणं धड येत नव्हतं. तिचं नाव घेतानासुद्धा ते मधलं एक अक्षर गिळायचे. तरीही तिच्या कार्यक्रमासाठी स्टेडियमच्या सात नंबरच्या दरवाज्याबाहेर जी रांग लागली होती तिच्यात ते नववे होते, आणि त्या रांगेत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी पाऊल टाकत नव्हतं.

रांग म्हणजे माणसांची नव्हे, वहीतली. तिकीट मैदानातलं होतं, उभ्याचं. त्याला खुर्ची नसते, जागेचा नंबर नसतो. दरवाजे उघडले की जो आधी आत जाईल तो मंचासमोरच्या कठड्याला चिकटणार आणि बाकीच्यांनी त्याची पाठ बघत बसायचं. स्टेडियमवाले कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपर्यंत फूटपाथवर कोण उभं आहे याकडे ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून चाहते आपली रांग आपणच चालवतात. पहिला येणारा वही आणतो, पुढे येईल त्याला नंबर देतो, तो नंबर जाड मार्करने मनगटावर लिहितो आणि दिवसातून तीनदा हजेरी होते. हजेरीला नाही तो कटला, पुन्हा शेवटी जा. एवढं केलं की तीन दिवस फूटपाथवर पथारी टाकावी लागत नाही, मधल्या वेळात माणूस घरी जाऊन आंघोळ करून येऊ शकतो.

या वेळची वही एका चष्मेवाल्या कॉलेजच्या मुलीने आणली होती. मुलगी गुणी, पण वहीचा नुसता गोंधळ. पहिल्याच सकाळी चौदा नंबरचे दोन जण निघाले आणि दोघेही आपापलं मनगट नाचवत भांडायला लागले. काकांचे हात शिवशिवले. एकतीस वर्षं ते बसडेपोत कंट्रोलर होते. कोणती गाडी कितीला आली, कितीला सुटली, हे लिहायचं आणि वेळ झाली की गाडी सोडायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरातल्या गॅस सिलिंडरच्या तारखा सोडल्या तर त्यांना लिहिण्यासारखं काही मिळालं नव्हतं. ते म्हणाले, "जरा बघू ती वही." पट्टी नव्हती म्हणून त्यांनी तिकिटाच्या काठाने रेघा मारल्या, रकाने पाडले, आणि दुपारपर्यंत वही त्यांच्या काखेत कायमची गेली. चष्मेवालीने सुटकेचा निःश्वास टाकला.

हजेरी सकाळी सहा, दुपारी एक आणि संध्याकाळी आठला. नंबर दोनदा पुकारायचा. तिसऱ्यांदा नाही. डेपोत भोंग्यावर गाडी दोनदाच पुकारायची पद्धत होती, आणि त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, की तिसऱ्यांदा पुकारलं तर लोक चौथ्याची वाट बघत बसतात. पोरांनी हे वाक्य पाठ केलं. एकसष्टाव्या वर्षी हा माणूस गाण्यासाठी तीन दिवस रांगेत उभा राहतो याचं त्यांना फार कौतुक होतं. त्यांचे फोटो काढले जात होते. काका त्यावर हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते.

खरी गोष्ट अशी होती की तिकीट त्यांचं नव्हतंच. ते मुलीचं होतं.

मुलगी दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांच्या कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या घासायच्या, मेणाचे साचे करायचे. तिचा साहेब मोठ्या मनाचा म्हणून कार्यक्रमाच्या दिवसाची रजा मिळाली होती, त्याआधीचे दिवस मागायची सोय नव्हती. मुलीची उंची चार फूट आठ इंच. मागच्या खेपेला ही गायिका आली होती तेव्हा तिने अडीच तास एका धिप्पाड माणसाचा चौकडीचा शर्ट बघितला होता. त्या शर्टाच्या चौकड्या तिला तोंडपाठ झाल्या होत्या. हिरवी, पिवळी, मग एक बारीक लाल. ती हे सांगताना हसायची, पण तिला हसू येत नव्हतं हे तिच्या आईला कळायचं. उंच माणसाला कुठेही उभं केलं तरी दिसतं. तिला दिसायचं तर कठड्याशीच उभं राहायला हवं होतं.

जेवताना काका एकदम म्हणाले, की तुझ्या जागी मी उभा राहतो. त्यांच्या बायकोचा चमचा हवेतच थांबला. मुलीने "तुम्ही?" असं विचारलं, आणि थोड्या वेळाने "बरं" म्हणाली. बापलेकीत महिनाभरात एवढं मोठं संभाषण झालं नव्हतं.

याला कारण होतं, आणि ते बारा वर्षांचं जुनं होतं. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची. चित्रांच्या मोठ्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली होती, शेजारच्या शहरात, सात दहाच्या गाडीने जायचं होतं. गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की रंगांची पेटी घरीच राहिली. घर डेपोच्या मागच्याच चाळीत. ती पळत गेली. काकांनी भोंग्यावर गाडी पुकारली. एकदा. दुसऱ्यांदा. कंट्रोल रूमच्या खिडकीतून त्यांना ती दिसली, पेटी छातीशी धरून पळत येत होती, फार तर एक मिनिटाचं अंतर. घड्याळात सात दहा झाले होते. गाडीत बेचाळीस माणसं होती. काकांनी हात वर केला आणि गाडी सोडली.

पुढची गाडी नऊला होती आणि स्पर्धा साडेनऊला. मुलगी रडली नाही, ओरडली नाही. त्या दिवसानंतर ती कंट्रोल रूममध्ये येऊन बसायची बंद झाली, आणि घरात त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागली. काकांची बायको मात्र विसरू देणाऱ्यांतली नव्हती. घरी कुणाला उशीर झाला की ती हमखास म्हणायची, "यांना सांगू नका हं, हे गाडी सोडून देतील." सगळे हसायचे. काकाही हसायचे.

आपण चुकलो असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि ते चूक नव्हतेही. पण बरोबर असूनही एखादी गोष्ट बारा वर्षं घशात अडकून राहू शकते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आता ते फूटपाथवर उभे होते, आणि मुलीला कठडा मिळवून देणं हे त्यांनी मनात जवळजवळ शपथेसारखं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घोड्याने पेंड खाल्ली. आठ मित्रांच्या एका टोळक्याने पाळ्या लावल्याचं उघड झालं. हजेरीला एकच जण यायचा आणि आवाज बदलून आठ जणांच्या वतीने "हजर" म्हणायचा, बाकीचे सात घरी पंख्याखाली. रांगेत गलका झाला. जे उन्हात उभे होते त्यांनी तोंडाला येईल ते ऐकवलं. सगळे काकांकडे बघायला लागले, आणि काकांनी एका क्षणात निवाडा दिला. ज्याचा नंबर त्यानेच बोलायचं, आणि ज्याचा नंबर त्यानेच आत जायचं. दुसऱ्यासाठी जागा धरणं बंद. त्यांनी ते वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलं आणि वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. त्यांची जीभ डेपोतली होती, ती आधी चालली. डोकं मागून आलं. टाळ्या थांबल्या तेव्हा त्यांची नजर आपल्याच मनगटावर गेली. तिथे नऊ होता.

त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता. त्याच क्षणी बोलले असते तर निभावलं असतं. पोरं हसली असती, काकांसाठी अपवाद म्हणाली असती. पण टाळ्यांच्या मागोमाग अपवाद मागायचा तर तोंड कुठल्या दुकानातून आणायचं? उद्या सांगू, असं म्हणून त्यांनी वही मिटली.

तिसऱ्या दिवशी एकच्या हजेरीला तेवीस नंबर आला.

तेवीस नंबर म्हणजे एका इस्पितळातली नर्स. ती जेवणाच्या सुट्टीत गणवेशावरच धावत यायची, हजेरी द्यायची आणि धावत परत जायची. काकांना तिचं कौतुक होतं, कारण ती वेळेत यायची. त्या दिवशी त्यांनी "तेवीस" पुकारलं आणि "हजर" आलं, पण तो आवाज बावीसचा होता. दोन दिवसांत काकांच्या कानाला सगळे आवाज बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बावीसकडे बघितलं. बावीस नंबरची मुलगी लाल झाली. काकांनी तेवीसवर काट मारली आणि चोविसावर गेले. आठ मिनिटांनी नर्स आली, कपाळावर घाम, हातात अर्धी पोळी. वॉर्डात एका आजोबांचं सलाईन संपत आलं होतं आणि ते बदलायला दुसरं कुणी नव्हतं.

तिने भांडण केलं नाही, याचाच काकांना जास्त त्रास झाला. ती म्हणाली की मैत्रिणीने तिच्या वतीने तोंड उघडलं हे चुकलंच. मग म्हणाली, "काका, एक विचारू? ही रांग नेमकी कुणाची आहे?"

"जो आधी आला त्याची, सिस्टर."

"नाही हो. आधी तर मीही आले होते, पहाटे पाचला. ही रांग जो थांबू शकतो त्याची आहे. ज्याचं कॉलेज बुडालं तरी चालतं, ज्याला रजा आहे, ज्याच्या घरी त्याच्यासाठी उभं राहायला मोकळं माणूस आहे, तो पुढे. मला तिची गाणी कमी आवडतात म्हणून मी मागे नाही."

काकांना उत्तर माहीत होतं. डेपोत हजार वेळा दिलेलं होतं. "कुणाला किती आवडतं ते मी कशाने मोजू? वेळ मोजता येते, म्हणून वेळ मोजतो."

"मोजता येते हे खरं," ती म्हणाली. "पण मोजता येते म्हणून तीच बरोबर, असं थोडंच आहे?" आणि तिने दुसरं मनगट पुढे केलं. काकांनी त्यावर नवा नंबर लिहिला, दोनशे सहा. मार्कर तिच्या हातावर नीट उठेना. दिवसभर साबणाने हात धुऊन तिची कातडी कोरडी पडली होती. त्यांना आकडा दोनदा गिरवावा लागला.

संध्याकाळची हजेरी आटोपून घरी जाताना काका एरवीसारखे भराभर चालले नाहीत. मोकळं माणूस. हा शब्द त्यांना बोचत होता, कारण मुलीच्या घरातलं ते मोकळं माणूस म्हणजे तेच. रांग वाईट नव्हती. रांग नसती तर ज्याचं कोपर टणक तो पुढे गेला असता. बसच्या दारातली रेटारेटी त्यांनी जन्मभर बघितली होती, तिथे त्यांची चार फूट आठ इंचाची मुलगी कधीच चढली नसती. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर? मग जो तीन दिवस आधी आला तो म्हणाला असता, माझ्या पायांचं काय? ते उलटसुलट करत राहिले. प्रत्येक पद्धतीला कुठे ना कुठे भोक होतं, आणि या पद्धतीच्या भोकातून ते स्वतः आत शिरले होते. नर्सला त्यांनी बाहेर काढलं होतं ते मात्र त्याच भोकाला बूच मारून.

घरी मुलगी दारातच उभी होती. तिने विचारलं, "नऊच आहे ना अजून?" तिच्या आवाजात काहीतरी होतं जे त्यांनी बारा वर्षांत ऐकलं नव्हतं. तिने दुसऱ्या दिवशीसाठी बूट पुसून ठेवले होते, जाड तळव्याचे, दीड इंच उंची वाढवणारे. काका म्हणाले, "नऊच आहे." आणि ते तोंड धुवायला गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सहाची हजेरी त्यांनी नेहमीसारखी घेतली, स्वतःच्या नावापुढेही टिक केली आणि ते घरी आले. स्वयंपाकघरात बसून बायकोच्या नेलपॉलिश पुसायच्या औषधाने त्यांनी मनगटावरचा नऊ घासून काढला. कातडी लाल झाली. मग त्यांनी मुलीला बोलावलं, तिचा हात टेबलावर ठेवायला सांगितला आणि मार्करने तिच्या मनगटावर सावकाश नऊ काढला. तिने विचारलं, "हे चालतं ना? असं घरच्यांसाठी उभं राहिलेलं?"

"चालतं," काका म्हणाले. "सगळेच करतात."

एकतीस वर्षांत त्यांनी लॉगशीटवर एका मिनिटाचाही खोटा आकडा लिहिला नव्हता. आता मुलीच्या हातावर लिहिला. त्यांची बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने हातातलं भांडं जरा जोरात ठेवलं.

साडेबाराला ते दोघं स्टेडियमवर पोचले. ही शेवटची हजेरी. यानंतर सगळ्यांनी वहीप्रमाणे खरोखरचं रांगेत उभं राहायचं आणि चारला दरवाजे उघडायचे. काकांचा बेत साधा होता. दोनशे माणसांच्या गर्दीत नऊ पुकारायचा, मुलगी "हजर" म्हणेल, ते पुढे दहा म्हणतील. आठ आणि दहा नंबरवाल्यांनी भुवया उंचावल्या तर उंचावू देत. कुणी विचारलंच तर सांगता येईल. खरं म्हणजे कुणी हरकत घेणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि तेच त्यांना खात होतं. मागितलं असतं तर मिळालं असतं. नर्सला मागायचीही संधी नव्हती.

मुलगी पाण्याची बाटली भरायला रांगेच्या शेपटाकडे गेली, तिकडेच नळ होता. काका वहीत डोकं घालून बसले होते, तरी त्यांची एक नजर तिच्यावर होती. नळाशी नर्स होती. आज तिला दुपारनंतर सुट्टी मिळाली असावी, गणवेश नव्हता. दोघी बोलायला लागल्या. मुलीने काहीतरी विचारलं, नर्सने हसून आपली दोन्ही मनगटं पुढे केली. एकावर खोडलेला तेवीस, दुसऱ्यावर दोनशे सहा. मग ती वहीकडे, काकांकडे बोट दाखवून काहीतरी सांगत राहिली. रागाने नाही, अगदी कौतुकाने सांगावं तसं. मुलगी ऐकत होती. ऐकता ऐकता तिने आपल्या शर्टाची बाही खाली ओढली, मनगटापर्यंत.

काकांचं पेन वहीवर थांबलं. तिथून त्यांना एक शब्द ऐकू आला नव्हता, पण ऐकायची गरज नव्हती.

एक वाजला. चष्मेवालीने सगळ्यांना गप्प केलं. काका कट्ट्यावर चढले आणि त्यांनी हजेरी सुरू केली. एक, हजर. दोन, हजर. मुलगी नवव्याच्या जागी येऊन उभी होती, दोन उंच पोरांच्या मध्ये, डोकं त्यांच्या खांद्याखाली. आठ, हजर.

"नऊ," काका म्हणाले.

"हजर" आलं नाही. मग दोघेतिघे हसले आणि एक जण ओरडला, की काका, स्वतःलाच काय हाक मारताय! हशा पसरत शेपटापर्यंत गेला. त्यांना वाटलं काका आज शेवटच्या दिवशी गंमत करताहेत.

"नऊ."

मुलगी त्यांच्याकडे सरळ बघत होती. तोंड मिटलेलं. बाही खाली ओढलेली. रागावलेली दिसत नव्हती. ती वाट बघत होती, हे त्यांना कळलं. कशाची ते कळलं नाही. पेन दहाच्या रकान्याशी आलं होतं. दोनदा पुकारून झालं होतं. आता काट मारायची आणि पुढे जायचं, त्यांचा हात हे झोपेतसुद्धा करू शकला असता.

काकांनी पेन उचललं. वही खाली घेतली. आणि ते म्हणाले, "नऊ."

हशा थांबला. तीन दिवसांत कुणासाठीच त्यांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं नव्हतं. 

मुलगी म्हणाली, "नऊ आलेला नाही, बाबा. पुढे चला."

बाबा हा शब्द आठ आणि दहा नंबरवाल्यांनी आधी ऐकला, मग त्यांच्या मागच्यांनी. काकांनी सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांचा आवाज डेपोतला राहिला नव्हता. त्यांनी सांगितलं की तिकीट माझं नाही, कधीच नव्हतं. मी मुलीसाठी जागा धरून होतो, आणि दुसऱ्यासाठी जागा धरायची नाही हा नियमही मीच केला. काल तेवीसला काढलं तेही मीच. नऊवर मी काट मारतोय.

चष्मेवाली पुढे आली. तिचं म्हणणं, काकांनी एवढं केलं, त्यांच्या मुलीला राहू द्यायला कुणाचीच हरकत नाही. बऱ्याच जणांनी हात वर केले. बावीस म्हणाली, मग तेवीसलाही परत घ्या. त्यावर साठ-सत्तर नंबरच्या आसपास कुरकुर सुरू झाली, की असं एकेकाला घेत बसलं तर आम्ही तीन दिवस कशाला उभे होतो? कुरकुर करणाऱ्यांचंही चूक नव्हतं.

"नियम वाईट असेल," काका म्हणाले. "मला आता वाटतं की थोडा वाईटच आहे. कामावरून पळत येणाऱ्याला त्यात जागाच ठेवलेली नाही. पुढच्या वेळी बसून नीट करा. पण दरवाजे उघडायला तीन तास राहिले असताना, ज्याच्या हातात वही आहे त्याच्या घरच्यांसाठी तो बदलायचा नाही."

त्यांनी काट मारली. शेजारी वेळ लिहिली, एक वाजून सात मिनिटं. मग वही आणि पेन चष्मेवालीच्या हातात दिलं आणि कट्ट्यावरून उतरले. दहापासून पुढची हजेरी तिने घेतली. बारीक आवाजात, पण दोनदाच.

मुलगी शेपटाकडे निघाली होती. काका तिच्या मागून चालत राहिले. वाटेत नर्सने त्यांच्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. काकांनी हात जोडले.  शेवटच्या माणसाने मुलीच्या मनगटावरचा नऊ खोडून शेजारी दोनशे एकतीस लिहिलं. काका तिच्या शेजारी उभे राहिले. तिने विचारलं, की तुम्ही कशाला उन्हात? घरी जा. ते म्हणाले, दरवाज्यापर्यंत येतो.

 रांग सरकत नव्हती, सरकण्यासारखं काही नव्हतंच. मुलीने बाटलीतलं पाणी प्यायलं, त्यांना दिलं.

"तिसऱ्यांदा पुकारलंत," ती म्हणाली.

"हो."

"दोनदाच पुकारायचं असतं ना?"

"हो."

तिने बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "त्या दिवशी मी पळत येताना मोजत होते. भोंग्यावर तुमचा आवाज यायचा. एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकलं, तेव्हा मी मागच्या फाटकाशी होते. म्हटलं, आत बाबा आहेत, तिसऱ्यांदा पुकारतील. मी त्या तिसऱ्याच्या भरवशावर पळत होते."

 बारा वर्षं काकांना वाटत होतं की तिला गाडी चुकल्याचा राग आहे.

"मला तू दिसली होतीस," ते म्हणाले. हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. "खिडकीतून. पेटी घेऊन येताना. दिसत होतीस आणि मी सोडली."

"माहीत आहे. मलाही तुम्ही दिसला होतात." मग ती म्हणाली, "गाडी थांबवायला नको होतीत. बेचाळीस जण होते. मी मोठी झाल्यावर ते कळलं. पण तुम्ही एकदा हाक मारली असतीत तर गाडी गेली तरी चाललं असतं."

काकांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. पुढे उभ्या असलेल्या दोनशे तीसने सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. मुलीने त्यांच्या लाल झालेल्या मनगटावर, जिथला नऊ त्यांनी सकाळी घासून काढला होता, तिथे बोट फिरवलं आणि विचारलं की कशाने घासलंत एवढं. ते म्हणाले, तुझ्या आईच्या नेलपॉलिशच्या औषधाने. ती हसली. कातडी सोलून निघाली असती, म्हणाली.

चारला दरवाजे उघडले. वहीप्रमाणेच सगळे आत गेले, एकही धक्काबुक्की झाली नाही, आणि तिकीट तपासणारा माणूस त्याच्या जोडीदाराला म्हणाला की अशी रांग त्याने आजवर बघितली नाही. काकांना हे ऐकू आलं. एरवी त्यांची छाती फुगली असती. दरवाज्याशी त्या माणसाने हात आडवा केला, तिकीट नसलेल्यांनी इथेच.

मुलगी आत शिरता शिरता मागे वळली. "थांबाल का बाहेर? सहाला सुरू होईल, साडेआठपर्यंत चालेल."

"थांबतो," काका म्हणाले.

ते समोरच्या कट्ट्यावर बसले, जिथे उभं राहून त्यांनी तीन दिवस हजेरी घेतली होती. सहा वाजून गेले, आतून लोकांचा मोठा आवाज उठला आणि मागोमाग गाणं सुरू झालं. गाणं त्यांना ओळखू आलं नाही, पण बाई चांगली गाते हे मान्य करावं लागलं. थोड्या वेळाने फोन वाजला. मुलीने फोटो पाठवला होता. फोटोभर एक रुंद पाठ, निळा शर्ट. खाली लिहिलं होतं, या वेळी चौकडी नाही, एवढं बरं.

पाठोपाठ दुसरा आला. सिस्टरने मला पुढे घेतलंय, त्या उंच आहेत. मान वाकडी केली की अर्धी गायिका दिसते.

काका एकटेच हसले. उत्तर काय लिहावं याचा ते विचार करत होते तेवढ्यात तिसरा आला.

आहात ना बाहेर?

काकांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने लिहिलं, आहे. मग ते पुरेसं वाटलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा लिहिलं, आहे. आणि गाणं संपेपर्यंत फोन हातातच धरून ते तिथे बसून राहिले.